कोड नक्की कोणाच्या मशीनवर चालतोय? सर्व्हर-साइड आणि क्लायंट-साइड भाषांची भानगड

बीसीए असो, बीएस्सी कॉम्प्युटर असो नाहीतर गल्लीतला तीन महिन्यांचा वेब डेव्हलपमेंटचा क्लास, सगळ्यांच्या नोट्समध्ये एक तक्ता असतोच. डावीकडे क्लायंट-साइड, त्याखाली एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट. उजवीकडे सर्व्हर-साइड, त्याखाली पीएचपी, पायथन, जावा, सी शार्प, रूबी वगैरे. पोरं तो पाठ करतात, व्हायवाला धडाधड म्हणून दाखवतात, मार्कही मिळतात. आणि मग पहिल्याच प्रोजेक्टला डोकं खाजवत बसतात, की अरे जावास्क्रिप्ट तर क्लायंट-साइड ना, मग शेजारचा ग्रुप नोड जेएस घेऊन बॅकएंड, म्हणजे सर्व्हरवरचा कोड, कसा काय लिहितोय, आणि मी एवढा पीएचपीचा कोड लिहिला तो ब्राउझरमध्ये सोर्स उघडून बघितला तर एक ओळ दिसत नाही, गेला कुठे?

तक्ता अगदीच चुकीचा नाहीये, पण तो उलट्या बाजूने शिकवला जातो. आधी भाषा, मग जागा. माझ्या मते आधी जागा बघायची, म्हणजे ही जी ओळ लिहिली ती शेवटी कोणाच्या मशीनवर चालणार आहे, वापरणाऱ्याच्या की साइटच्या मालकाच्या, एवढं एकदा कळलं की भाषांची नावं आपोआप जागेवर बसतात, आणि जी बसत नाहीत ती का बसत नाहीत तेही कळतं.

दहावीचा निकाल घेऊ, कारण महाराष्ट्रात असं घर सापडणं अवघड जिथे निकालाची साइट कधी उघडलीच नाही. बैठक क्रमांक टाकायचा, आईचं नाव टाकायचं, बटण दाबायचं, आणि घरातले सगळे फोनवर वाकून बघतायत. अशी कुठलीही साइट साधारण या क्रमाने चालते.

तुम्ही पत्ता टाकला की तुमच्या फोनमधला ब्राउझर, क्रोम म्हणा फायरफॉक्स म्हणा, कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या एका कॉम्प्युटरला निरोप पाठवतो की मला अमुक पान पाहिजे. हा तुमचा ब्राउझर म्हणजे क्लायंट आणि तो पलीकडचा कॉम्प्युटर म्हणजे सर्व्हर. सर्व्हर हा शब्द ऐकला की लोकांना काहीतरी अवाढव्य वाटतं पण तोही कॉम्प्युटरच आहे, प्रोसेसर, रॅम, डिस्क, वर बहुतेक वेळा लिनक्स, फक्त स्क्रीन कीबोर्ड न लावता चोवीस तास कोणाचा निरोप येतोय का याची वाट बघत बसलेला. तुमच्या लॅपटॉपवर झॅम्प नावाचं पॅकेज टाकून त्यातलं अपाचे हे सर्व्हरचं सॉफ्टवेअर चालू केलं की तुमचा लॅपटॉपही सर्व्हर होतो, आणि क्लायंटही तोच, म्हणूनच तर नव्या माणसाचा एवढा गोंधळ होतो, दोन्ही भूमिका एकाच डब्यात चाललेल्या असतात आणि सीमारेषा दिसतच नाही.

तर सर्व्हरने पान पाठवलं. पान म्हणजे साधा मजकूर असतो, एचटीएमएलच्या खुणा केलेला, त्याच्याबरोबर दिसण्याचे नियम सांगणारं सीएसएस आणि थोडं जावास्क्रिप्ट. तुमच्या फोनने ते वाचून दोन रिकामे बॉक्स आणि एक बटण काढलं. आता मुद्दाम काही न भरता बटण दाबा. लगेच लाल अक्षरात येतं, बैठक क्रमांक टाका. मजा म्हणजे पान उघडल्यावर नेट बंद केलं तरी हे येतं. कारण ही तपासणी करणारा कोड पानाबरोबर तुमच्या फोनमध्ये येऊन बसलाय आणि तिथेच चालतोय. हा क्लायंट-साइड कोड.

आता नीट नंबर आणि नाव भरून बटण दाबा. या वेळी ती माहिती प्रवासाला निघते. सर्व्हरवर एक प्रोग्रॅम ती घेतो, डेटाबेसमध्ये तो बैठक क्रमांक शोधतो, त्यापुढे लिहिलेलं आईचं नाव तुम्ही दिलेल्या नावाशी जुळतं का बघतो, जुळलं तर मार्कांचा तक्ता तयार करून परत पाठवतो, नाही जुळलं तर माहिती चुकीची आहे म्हणून सांगतो. हा सर्व्हर-साइड कोड. तो पीएचपीत आहे, जावात आहे की सी शार्पमध्ये, तुमच्या फोनला घेणंदेणं नाही, त्याच्या हातात शेवटी एचटीएमएलच येणार.

आता एक विचार करा. नाव जुळतंय का बघणं, दोन शब्द सारखे आहेत का एवढंच तर काम आहे, ते जावास्क्रिप्टला पण येतं की, मग ते फोनवरच का नाही केलं? कारण फोनवर जुळवायचं तर ज्याच्याशी जुळवायचं ती यादी फोनवर पाठवावी लागेल. राज्यात दहावीला दरवर्षी १५ लाखांच्या आसपास मुलं बसतात. ती यादी पाठवली की एक तर तुमचा डेटा पॅक संपला, आणि दुसरं म्हणजे कोणीतरी हुशार पोरगं ती उघडून शेजारच्या चिन्याला गणितात किती पडले ते वाचत बसणार. म्हणून जुळवाजुळव सर्व्हरवर. त्यात भाषेचा काही मोठेपणा नाही, यादी तिथेच राहिली पाहिजे म्हणून काम तिथे.

आणि टक्केवारी काढायची असेल तर? ती कुठेही काढा. मार्क एकदा फोनवर आले की बेरीज भागाकार फोनने केला काय आणि सर्व्हरने केला काय. अशी कामं बरीच असतात जी दोन्हीकडे चालतात आणि तिथे मग सोय, वेग, खर्च बघून ठरवायचं.

आता तो गायब झालेला पीएचपीचा कोड. पीएचपीच्या फाइलमध्ये एचटीएमएल आणि पीएचपी एकमेकांत कालवलेलं असतं. सर्व्हर ती फाइल वरपासून खाली वाचत येतो, साधं एचटीएमएल आलं की तसंच पुढे ढकलतो, पीएचपीचा तुकडा आला की तो चालवतो आणि त्या जागी त्याचं उत्तर लिहितो. म्हणजे तुम्ही लिहिलंय डेटाबेसमधून नाव काढून छाप, पण बाहेर पडताना तिथे फक्त नाव असतं. ब्राउझरपर्यंत पीएचपी पोचतच नाही. म्हणून कंट्रोल आणि यू दाबून सोर्स बघितला तर तिथे शिजून झालेलं एचटीएमएल दिसतं. जर कधी ब्राउझरमध्ये कच्चा पीएचपी कोड दिसला तर समजा की पीएचपी चाललंच नाही, फाइल थेट डिस्कवरून डबल क्लिक करून उघडलीये नाहीतर सर्व्हरचं सेटिंग बिघडलंय. आणि ती गोष्ट लाइव्ह साइटवर झाली तर धावत जाऊन बंद करा, कारण डेटाबेसचा पासवर्ड बऱ्याचदा त्याच फाइलींत पडलेला असतो.

जावास्क्रिप्टचं बरोबर उलट. ते जसंच्या तसं फोनवर जातं, अख्खं, वाचता येईल असं. ते दाबून एका ओळीत बसवतात, व्हेरिएबलची नावं ए बी सी करून टाकतात, पण ते साइज कमी करायला, लपवायला नाही.

हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा असेल तर सगळ्यात सोपा प्रयोग घड्याळाचा. एका पानावर दोन ओळी छापा, एक पीएचपीच्या डेट फंक्शनने काढलेली वेळ आणि दुसरी जावास्क्रिप्टच्या डेटने काढलेली. पीएचपीला टाइमझोन सांगितला नसेल तर ते यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ धरून चालतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यामुळे आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजलेत आणि पहिली ओळ म्हणतेय पहाटेचे चार, असं हमखास होतं आणि पोरं समजतात होस्टिंग खराब आहे. दुसरी ओळ मात्र बरोबर साडेनऊ दाखवते कारण ती तुमच्याच लॅपटॉपच्या घड्याळात बघून बोलतेय. आता हेच पान न्यू जर्सीतल्या मावसभावाने उघडलं तर पहिली ओळ तुमच्यासारखीच दिसेल आणि दुसरी न्यू जर्सीची वेळ दाखवेल. पुढे जाऊन लॅपटॉपची तारीख हाताने बदलून पुढच्या वर्षीची करा. जावास्क्रिप्ट बिचारं मान डोलावून पुढचं वर्ष सांगतं. पीएचपीची ओळ ढिम्म हलत नाही, अर्थात पान तुमच्याच लॅपटॉपच्या झॅम्पवर नसून बाहेरच्या होस्टिंगवर असेल तर.

यावरून लक्षात येईल की ऑनलाइन परीक्षेचा टायमर नुसत्या जावास्क्रिप्टच्या भरवशावर ठेवला तर काय होईल. टायमर दिसायला फोनवर पळू दे, पण वेळ संपली की नाही हा निकाल सर्व्हरच्या घड्याळाने लावायचा.

आता भाषांकडे वळू. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टच का आणि सर्व्हरवर वाटेल ती भाषा कशी काय? उत्तर सरळ आहे, मशीन कोणाचं आहे त्यावर. सर्व्हर तुमचा किंवा तुम्ही भाड्याने घेतलेला, त्यावर काय टाकायचं ते तुम्ही ठरवता, पायथन टाका, गो टाका, हौस असेल तर कोबॉल टाका. वापरणाऱ्याचा फोन तुमचा नाही. त्याच्या ब्राउझरला जे कळतं तेच तुम्ही पाठवू शकता, आणि ब्राउझरला काय कळावं हे ब्राउझर बनवणाऱ्या चार-पाच कंपन्या ठरवतात.

इतिहास बघितला तर गंमत आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली तेव्हा पानं नुसती वाचायची होती. मग लोकांना वाटलं की सर्व्हरने प्रत्येकाला वेगळं पान द्यावं. १९९३ च्या सुमारास सीजीआय नावाची पद्धत आली, एकदम साधी, निरोप आला की सर्व्हरने एक प्रोग्रॅम चालवायचा आणि तो प्रोग्रॅम जे काही छापेल ते ब्राउझरला पाठवून द्यायचं. प्रोग्रॅम कुठल्या भाषेत आहे याच्याशी संबंधच नाही, छापता आलं की झालं. त्या काळात पर्ल भयंकर चालायची, काही जण सरळ सी मध्ये लिहायचे. इथेच सर्व्हरच्या बाजूला दार सताड उघडं राहिलं. रासमुस लेरडॉर्फ नावाच्या प्रोग्रॅमरने स्वतःचा ऑनलाइन बायोडेटा कोण कोण बघतंय ते मोजायला काही छोटे प्रोग्रॅम लिहिले आणि १९९५ च्या जूनमध्ये ते सगळ्यांसाठी खुले केले, तेच पुढे पीएचपी झालं. नंतर साइट लिहायला तयार सांगाडा देणारी साधनं आली, रूबीचं रेल्स २००४ ला, पायथनचं जँगो २००५ ला, अजून बरीच आली आणि येतायत.

ब्राउझरच्या बाजूला मात्र एकाचंच राज्य. १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एका भाषेचा पहिला नमुना तयार केला. आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट आणि डिसेंबरपर्यंत जावास्क्रिप्ट असं तिचं बारसं तीनदा झालं. तेव्हा सन कंपनीच्या जावाची हवा होती म्हणून नावात जावा घातलं, बाकी जावाचा आणि जावास्क्रिप्टचा तसा संबंध नाही, आणि तीस वर्षं झाली तरी नोकरीच्या जाहिराती टाकणारे लोक यात गोंधळ घालतात तो घालतातच. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररमध्ये व्हीबीस्क्रिप्ट आणली, ती दुसऱ्या ब्राउझरांनी घेतलीच नाही. जावाची ॲपलेट्स, म्हणजे पानात चालणारे छोटे प्रोग्रॅम आले, ती उघडायला एवढा वेळ घ्यायची की तोपर्यंत चहा व्हायचा. फ्लॅशने बरीच वर्षं गाजवली पण ते वरून बसवायचं प्लगइन होतं, आयफोनने त्याला घरात घेतलंच नाही आणि २०२० च्या शेवटी ॲडोबीने स्वतःच ते बंद केलं. गूगलसारख्या कंपनीने २०११ मध्ये डार्ट ही नवी भाषा काढली, ती क्रोममध्ये थेट चालावी असा बेत होता, २०१५ मध्ये तो बेत सोडून दिला. गूगलकडे स्वतःचा ब्राउझर असून जमलं नाही, यावरून काय ते समजा. डार्ट आता मोबाइल ॲपवाल्यांकडे फ्लटर या ॲप बनवायच्या साधनात सुखाने नांदतेय.

म्हणजे त्या तक्त्यात डावीकडे एकटी जावास्क्रिप्ट आहे ती काही ती सगळ्यात चांगली भाषा आहे म्हणून नाही. ती पहिली आली, सगळ्या ब्राउझरांत बसली, आणि नंतर तिला उठवणं कोणाला परवडेना. एचटीएमएल आणि सीएसएस तिच्या शेजारी लिहितात, पण त्या प्रोग्रॅमिंगच्या भाषा नाहीत, एक पानाची रचना सांगते आणि एक दिसणं, यावर वाद घालणारे घालतात, मी घालत नाही.

मग २००९ ला तक्त्याची उजवी बाजू फुटली. गूगलने २००८ मध्ये क्रोमबरोबर व्ही८ नावाचं जावास्क्रिप्ट चालवणारं इंजिन आणलं होतं, प्रचंड वेगवान. रायन डाल यांनी ते इंजिन ब्राउझरमधून काढून स्वतंत्र चालेल असं केलं, त्याला फाइली वाचणं, नेटवर्कवर ऐकणं वगैरे जोडलं, आणि नोड जेएस तयार झालं. नेटस्केपने नव्वदच्या दशकातच सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवून बघितली होती पण तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही, नोडच्या वेळी मात्र लाटच आली.

इथे नव्या लोकांना जो एरर येतो तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. ब्राउझरमध्ये छान चालणारा कोड नोडमध्ये चालवला की ते म्हणतं, डॉक्युमेंट इज नॉट डिफाइन्ड. बरोबरच आहे. डॉक्युमेंट म्हणजे समोर उघडलेलं पान, आणि सर्व्हरवर पान उघडलेलंच नसतं, स्क्रीनच नाही तर पान कुठलं! उलट नोडमध्ये डिस्कवरची फाइल वाचणारी ओळ ब्राउझरमध्ये टाकली तर ब्राउझर सरळ नाही म्हणतो, कारण प्रत्येक साइटला तुमच्या डिस्कवरच्या फाइली वाचू दिल्या तर वेब बंदच करावं लागेल. भाषा तीच, व्याकरण तेच, लूप तसेच, पण हाताला काय लागतं ते पूर्ण वेगळं. एकीकडे पान, बटणं, माऊस, आणि परवानगी दिली तर कॅमेरा आणि लोकेशन. दुसरीकडे फाइली, डेटाबेस, गुप्त किल्ल्या, दुसऱ्या सर्व्हरशी बोलणं. माझ्या मते सर्व्हर-साइड आणि क्लायंट-साइड शिकणं म्हणजे हे शिकणं, सिंटॅक्स तर आठवड्यात येतो.

डावी बाजू पण नंतर फुटली बरं का. वेबअसेंब्ली म्हणून एक प्रकार आहे, २०१७ पर्यंत तो चारही मोठ्या ब्राउझरांत आला, त्यामुळे सी, सी++, रस्ट असल्या भाषांत लिहिलेला कोड तयार करून ब्राउझरमध्ये चालवता येतो. पायथनसुद्धा याच वाटेने ब्राउझरमध्ये चालतं. रोजच्या साइटला याची गरज पडत नाही, व्हिडिओ एडिटिंग, गेम, डिझाइनची सॉफ्टवेअरं अशा जड कामांना पडते. आणि टाइपस्क्रिप्ट, जी हल्ली प्रत्येक जाहिरातीत मागतात, ती ब्राउझरला कळतच नाही, तिची आधी जावास्क्रिप्ट करून मगच पाठवतात.

आता ज्या भागासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो भाग. विश्वास.

लॅपटॉपवर कुठलीही शॉपिंग साइट उघडा, एफ१२ दाबून ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडा, किमतीवर जा आणि ५०,००० चा फोन ५० रुपयांचा करा. स्क्रीनवर लगेच ५० दिसेल. मित्राला स्क्रीनशॉट पाठवून हवा करता येते, तेवढाच उपयोग. हॉटेलातल्या मेनूकार्डावर पेनने थाळीचा रेट खोडून २० रुपये लिहिला म्हणून गल्ल्यावरचा माणूस २० घेत नाही, तो त्याच्या रेटनेच बिल करतो, तसंच. पण समजा साइट लिहिणाऱ्याने आळस केला, आणि ऑर्डर करताना वस्तूच्या नंबराबरोबर किंमतही ब्राउझरकडूनच मागवली आणि आली तशी वापरली. मग मात्र खरोखर ५० रुपयांत ऑर्डर लागते. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये ही चूक मी इतक्यांदा बघतो की आता डेमो सुरू झाला की आधी एफ१२ च दाबतो. ब्राउझरकडून फक्त वस्तूचा नंबर आणि किती नग एवढं घ्यायचं, किंमत सर्व्हरने आपल्या डेटाबेसमधून काढायची. नग सुद्धा तपासायचे, नाहीतर कोणीतरी उणे तीन नग मागवेल आणि तुमचा हिशोब त्यालाच पैसे देणं दाखवेल.

फॉर्मचंही तेच. मोबाइल नंबर दहा आकडी आहे का, ईमेल बरोबर आहे का, हे जावास्क्रिप्टने तपासलं ना मग परत सर्व्हरवर कशाला, दुप्पट काम, असं सगळेच म्हणतात. ब्राउझरमधली तपासणी ही भल्या माणसाच्या सोयीसाठी असते, त्याला पटकन चूक कळावी, पान परत लोड होईपर्यंत थांबायला लागू नये. वाईट हेतूने आलेला माणूस ब्राउझर वापरतच नाही, कमांड लाइनवरून कर्ल नावाचं साधन वापरून थेट सर्व्हरला हवा तो मजकूर पाठवतो, तुमची लाल अक्षरं त्याच्या वाटेत येतच नाहीत. त्यामुळे सर्व्हरवरची तपासणी सक्तीची, ब्राउझरमधली ऐच्छिक. दोन्ही ठेवा, पण एकच ठेवायला वेळ असेल तर सर्व्हरवरची ठेवा.

उलट दिशेचा नियम याच्याइतकाच कडक आहे, जे क्लायंटला पाठवलं ते उघड झालं. याचं एक नामी उदाहरण अमेरिकेतलं आहे. मिझूरी राज्याच्या शिक्षण खात्याची एक साइट होती, शिक्षकांची पात्रता तपासायची. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सेंट लुईस पोस्ट-डिस्पॅच या वर्तमानपत्राच्या पत्रकाराला दिसलं की त्या पानांच्या सोर्समध्ये शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे आपल्या आधारसारखे तिथले खासगी क्रमांक, आहेत. स्क्रीनवर दिसत नव्हते, पण पानाबरोबर प्रत्येक बघणाऱ्याच्या मशीनवर जात होते, वाचायला लगेच कळू नयेत अशा रूपात, पण कुलूप नसलेल्या. वर्तमानपत्राने आधी खात्याला कळवलं, साइट दुरुस्त होईपर्यंत बातमी थांबवली, मग छापली. गव्हर्नर माइक पार्सन यांनी पत्रकार परिषद घेऊन हे हॅकिंग आहे, खटला भरू असं सांगितलं! जगभरातल्या प्रोग्रॅमर लोकांनी कपाळाला हात लावला, कारण सोर्स बघणं म्हणजे तुम्हालाच पोस्टाने आलेला कागद उलटून मागची बाजू वाचणं. २०२२ च्या फेब्रुवारीत सरकारी वकिलाने खटला भरायला नकार दिला आणि प्रकरण मिटलं.

त्या साइटवर भाषा चुकीची निवडली होती का? अजिबात नाही. सर्व्हरवरच्या कोडने जे पाठवायला नको होतं ते पाठवलं, बस. सीएसएसने लपवलेला मजकूर, रंग पांढरा करून ठेवलेला आकडा, बेस६४ करून (म्हणजे कोणालाही परत उलगडता येईल अशा वेगळ्या अक्षरांत) टाकलेली माहिती, जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये ठेवलेली पेमेंटची गुप्त किल्ली, हे सगळं उघडंच आहे. ॲडमिनचं बटण फक्त ॲडमिनला दिसेल असं जावास्क्रिप्टने केलं तर ठीक आहे, पण ते बटण ज्या पत्त्यावर निरोप पाठवतं तिथे सर्व्हरने परत विचारलं पाहिजे की बाबा तू खरंच ॲडमिन आहेस का.

आता या दोन बाजू एकमेकींशी बोलतात कशा ते थोडक्यात. पूर्वी काही मागवायचं तर अख्खं पान नव्याने यायचं, स्क्रीन एकदा पांढरी व्हायची आणि परत भरायची. मायक्रोसॉफ्टच्या लोकांना त्यांचं आउटलुक ईमेल ब्राउझरमध्ये चालवायचं होतं, त्यासाठी १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये त्यांनी एक सोय घातली की जावास्क्रिप्टने गुपचूप सर्व्हरला निरोप पाठवावा, उत्तर घ्यावं आणि पानाचा हवा तेवढाच भाग बदलावा. काही वर्षं ती पडून राहिली. मग २००४ च्या १ एप्रिलला जीमेल आलं, २००५ च्या फेब्रुवारीत गूगल मॅप्स आलं, नकाशा माऊसने ओढला की पुढचा तुकडा आपोआप यायला लागला, आणि लोकांना कळलं की अरे हे असं पण करता येतं. त्याच महिन्यात या तंत्राला एजॅक्स हे नाव मिळालं. आज तुम्ही सर्चमध्ये पुणे ते एवढं टाइप केलं की खाली पुणे ते नागपूर ट्रेन वगैरे येतं ते हेच, टाइप केलेलं पकडणारा कोड तुमच्या फोनवर, सुचवण्या शोधणारा सर्व्हरवर, मध्ये जेसन नावाच्या साध्या मजकुराच्या मांडणीतल्या छोट्या चिठ्ठ्या.

यानंतर लंबक फारच एका बाजूला गेला. सगळं पान ब्राउझरमध्येच बनवायचं, सर्व्हरने फक्त डेटा द्यायचा, अशी फॅशन आली, २०१३ ला रिॲक्ट ही जावास्क्रिप्टची लायब्ररी आल्यावर तर विचारू नका. जीमेल, नकाशा, स्प्रेडशीट अशा ॲपसारख्या गोष्टींना ते शोभतं. पण लोक चार पानांच्या संस्थेच्या साइटला पण तेच वापरायला लागले. होतं काय, की सर्व्हर आधी जवळजवळ रिकामं पान पाठवतो, मग जावास्क्रिप्टचा मोठा गठ्ठा येतो, तो फोनने वाचायचा, चालवायचा, मग डेटा मागवायचा, आणि तेव्हा कुठे सभेची तारीख दिसणार. लिहिणाऱ्याच्या महागड्या लॅपटॉपवर हे पटकन होतं. सात-आठ हजारांच्या जुन्या फोनवर, एक दांडी रेंजमध्ये, गोल चक्कर फिरत राहतं. क्लायंट-साइड कोड फुकट वाटतो कारण तो चालवायचा प्रोसेसर आणि बॅटरी दुसऱ्याची असते. आता वारं परत फिरलंय, नेक्स्टसारखी साधनं रिॲक्टचंच पान आधी सर्व्हरवर तयार करून पाठवतात आणि मग ब्राउझरमध्ये त्यात जीव भरतात. पीएचपीवाले हे बघून गालात हसतात, त्यांचा तो हक्कच आहे.

उलट सर्व्हरवर सगळं ठेवलं तर भार मालकावर. निकालाच्या दिवशी एका ठरलेल्या वेळेला लाखो लोक एकदम बटण दाबतात, प्रत्येक दाबण्यामागे सर्व्हरला डेटाबेसमध्ये जावं लागतं. अशा वेळी जे जे फोनवर ढकलता येईल ते ढकलायचं, रिकाम्या बॉक्सची तपासणी, टक्केवारी, प्रिंटची मांडणी, आणि जे ढकलताच येत नाही त्यासाठी जास्त मशीनं लावायची. शिवाय जाहीर झालेला निकाल काही लगेच बदलत नाही, म्हणून एकदा शोधलेलं उत्तर थोडा वेळ जवळ धरून ठेवायचं, त्याला कॅश म्हणतात, पैशांची नाही.

मग सुरुवात कुठल्या भाषेने करायची हे शेवटी सगळेच विचारतात. ब्राउझरच्या बाजूला निवड नाहीच, जावास्क्रिप्ट शिकावीच लागेल. सर्व्हरसाठी ज्याचा मित्र किंवा सर जवळ बसून अडचण सोडवू शकतात ती भाषा घ्या. पायथन आधीच येत असेल तर जँगो किंवा फ्लास्क घ्या. स्वस्त होस्टिंगवर छोटी कामं करून चार पैसे मिळवायचे असतील तर पीएचपी, ते मेलं मेलं म्हणतात पण वर्डप्रेस त्यावर चालतं, विकिपीडिया त्यावर चालतो, मराठी विकिपीडियासकट. एकच भाषा दोन्हीकडे हवी तर नोड, फक्त मग कुठली फाइल कुठे चालते ते फोल्डरच्या नावावरूनच कळेल असं ठेवा, क्लायंट आणि सर्व्हर असे दोन फोल्डर, नाहीतर एखाद्या रात्री डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल गठ्ठ्याबरोबर ब्राउझरला जाईल.

आणि एक काम आजच करून बघा. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन जावास्क्रिप्ट बंद करा आणि रोजच्या साइट एकेक करून उघडा. विकिपीडियाचा लेख आरामात वाचता येईल. काही साइटवर बातमी दिसेल पण मेनू उघडणार नाही. काही ठिकाणी कोरं पान आणि एक ओळ, की कृपया जावास्क्रिप्ट चालू करा. कोणाचा किती कोड कुठे चालतोय ते पाच मिनिटांत दिसतं. झालं की परत चालू करायला विसरू नका, नाहीतर संध्याकाळी तिकीट काढताना बटण दाबलं जात नाही म्हणून नेटला शिव्या घालाल.